माझी बाटली लहान नव्हती!

मी पर्जन्यमापक बोलतोय! हो हो, तोच, पाणीपुरवठा कार्यालयाच्या आवारात कुंपणाआड उभा असलेला. येणारेजाणारे मला कचऱ्याचा डबा समजतात. एका शहाण्याने तर माझ्यावर चहाचा कप ठेवला होता! पण आज या माझ्यासमोर. काल मी विक्रम पचवलाय, विक्रम!

तसा मी साधा आहे. पत्र्याचं नळकांडं, वर नरसाळं, पोटात दोनशे मिलिमीटर पाऊस मावेल एवढी बाटली. रोज सकाळी साडेआठला ती काढायची, पाणी मोजायचं आणि आकडा वहीत लिहायचा. तीस वर्षं हे काम आमच्या निरीक्षकांनी केलं. माणूस वेळेचा भलताच पक्का.

त्यांच्या नोकरीच्या पहिल्याच वर्षी ते गाजलेलं वादळ आलं. माझी बाटली पहाटेच भरली. मी ओरडतोय, "अहो, उघडा!" आणि हे ओसरीत घड्याळ हातात घेऊन बसलेले. साडेआठ वाजेपर्यंत कितीतरी पाऊस माझ्या अंगावरून मातीत गेला. वहीत लिहिलं, 'दोनशेहून जास्त'. किती जास्त, कुणी विचारलं की म्हणायचे, "बाटलीच लहान पडली." सगळं खापर माझ्यावर! फार लागलं हो मला ते.

ते निवृत्त झाले. पंधरा दिवसांपूर्वी त्यांची लेक या कामावर रुजू झाली. आणि काल सकाळी नऊला पाऊस जो सुटला! समोरचं फाटक दिसेना. दुपारी तीनला पाणी बाटलीच्या गळ्याशी आलं. लेक खिडकीत उभी, कासावीस, पण जागची हलेना. साडेआठशिवाय हात लावायचा नाही, असं बाबांनी शिकवलेलं. झालं, पुन्हा सांडणार मी!

इतक्यात गुडघाभर पाण्यातून बाबाच आले. छत्री उलटी झालेली.

"अगं, उघड ते आधी!"

"पण बाबा, साडेआठ..."

"खड्ड्यात गेलं साडेआठ! मधे मोजायचं, वेळ लिहायची, शेवटी बेरीज करायची."

"मग त्या वर्षी तुम्ही का नाही मोजलंत?"

बाबांच्या नाकावरून पाणी ठिबकत होतं. "नियम तेव्हा ठाऊक नव्हता गं, पुढे कळला तरी तुला सांगितला नाही. कुणाला विचारायची लाज वाटली. बाटली लहान नव्हती. मीच घड्याळाकडे बघत बसलो."

तिने धावत येऊन मला उघडलं. एकशे शहाण्णव! माझा जीव भांड्यात पडला. मग संध्याकाळी एकदा, आज साडेआठला एकदा. बेरीज चारशे एकतीस. एक थेंब सांडला नाही!

सकाळी कुंपणाशी म्हातारी मंडळी जमली. "छे, त्या वर्षीचा याहून मोठा होता. काय हो, निरीक्षक?"

मी कान टवकारले.

"असेलही," बाबा म्हणाले. "पण तो मी सांडला. मोजलेला हाच."

मग खिशातला रुमाल काढून त्यांनी माझं नरसाळं पुसलं, अगदी हळू. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच.

माझं एवढंच मागणं आहे: आभाळ फाटलं की घड्याळाकडे नका बघू, माझ्याकडे बघा. आता बाटली रिकामी आहे, पलीकडे पुन्हा काळं दाटून आलंय, आणि लेक मोजपात्र हातात घेऊन दारातच उभी आहे. येऊ दे म्हणावं!