पापडीच्या बावखलावरची पाहुणी

मित्रांनो, मी एक थकलेली चतुर किड्याची मादी आहे. तुम्ही मला हेलिकॉप्टर म्हणता आणि शेपटीला दोरा बांधायला धावता. बांधू नका रे, आता अंगात पळायचंही त्राण नाही.

माझा जन्म आफ्रिकेतल्या एका डबक्यातला. पाण्यात होते तोवर डासांच्या अळ्या खाल्ल्या, मग कात टाकली आणि पंख फुटले. ढगांना ढकलणाऱ्या वाऱ्यावर स्वार होऊन समुद्र ओलांडला. वाट कुणी शिकवली नाही. आई तर मी पाहिलीच नाही. आमच्यात गेलेली परत येत नाही, तिची लेकरं येतात.

वसईला पोचले तेव्हा पंखांच्या चिंध्या झाल्या होत्या आणि पोटात अंडी होती. हवं होतं फक्त गोडं पाणी. पापडीतल्या एका घरासमोर काळंभोर, चकचकीत पाणी दिसलं. जिवात जीव आला. शेपटी टेकवत मी अंडी घालत सुटले.

"पास्कल, ही येडी बघ, तुझ्या गाडीवर अंडी घालतेय! गाडीला पानी समजली," ओट्यावर बसलेल्या फ्लॉसीबाई मुलाला म्हणाल्या.

ते पास्कलच्या नव्या गाडीचं बॉनेट होतं. निम्मी अंडी तापल्या पत्र्यावर वाळून गेली. एवढा समुद्र ओलांडला तो ह्यासाठी? रडता आलं असतं तर रडले असते.

घरामागे बावखल होतं, वाडीतल्या केळींना पाणी पुरवणारं जुनं तळं. उरलेली अंडी मी तिथे सोडली. तेवढ्यात आईबरोबर मागच्या दारी आलेला पास्कल म्हणाला, "आय, उद्या मातीचा ट्रक येतोय. बावखल बुजवून टाकू, गाडीला जागा होईल."

फ्लॉसीबाईंनी पाण्यावर शेपटी टेकवणाऱ्या माझ्याकडे बोट दाखवलं.

"दमलेली पोर दारात बाळंत झाली, नि तू तिच्यावर माती टाकनार? ट्रक नाताळानंतर आन."

"बरं. पन नाताळापर्यंतच हां, आय."

माझ्या पिल्लांना दीड-दोन महिने पुरतात. नाताळाच्या आत ती पाण्यातून निघून समुद्रावर गेलेली असतील. मी इथेच अळूच्या पानावर पडेन, त्याचं दुःख नाही. पण पुढच्या पावसाळ्यात माझी नातवंडं अशीच दमून येतील आणि माझ्यासारखीच पत्र्याला पाणी समजतील. मित्रांनो, तेव्हा बावखल असायला हवं. फ्लॉसीबाईंनी एकदा शब्द टाकला, दरवर्षी त्या कुठे पुरणार? नाताळाआधी तुम्हीच पास्कलकडे जा. मला बोलता येत नाही, तुम्हाला येतं.