छातीवरचा हात

लढाई संपली तेव्हा पोस्टमास्तरांच्या कोटाचाही निकाल लागला होता. कोपरं झिजलेली, रंग उडालेला. सरकारं येत होती, जात होती. टपालाच्या तिकिटावर कुणाचं तोंड छापायचं हे ठरेपर्यंत ते तोंड पळून गेलेलं असायचं. अशा दिवसांत नवं कापड घ्यायचं नाव काढलं तर दुकानदारच हसायचा.

नेमकं तेव्हाच लेकीचं लग्न जमायला आलं. मुलगा तिनेच पसंत केलेला. त्याला घेऊन त्याचे आईवडील रविवारी जेवायला यायचे होते. ‘‘तुमची नोकरी पक्की दिसली पाहिजे हो,’’ बायको म्हणाली. आता नोकरी कशी दिसते कोण जाणे, पण कोट दिसतो.

शिंप्याने तोडगा काढला. कोट सगळा उसवला, कापड उलटं केलं आणि आतली न विटलेली बाजू बाहेर आणली. झकास झाला. फक्त छातीवरचा खिसा डावीकडून उजवीकडे गेला. ‘‘कुणाच्या लक्षात येतंय,’’ शिंपी म्हणाला. त्याला म्हणायला काय जातंय! पोस्टमास्तरांच्या मात्र दुसरं काही लक्षातच राहीना.

रविवारी पाहुणे दारात दिसताच त्यांनी खिशावर हात ठेवला तो ठेवलाच. जेवलेसुद्धा एका हाताने. मुलाचे वडील इतिहासाचे मास्तर. सरकार बदललं की यांचा धडा बदलायचा. तेही छातीला हात लावून बसले होते. बिचारे, पोस्टमास्तरांना वाटलं.

स्वयंपाकघरात बायकोने त्यांना गाठलं. ‘‘अहो, त्यांना छातीचं दुखणं दिसतंय. असल्या घरात लेक द्यायची?’’

तेवढ्यात बाहेरून मुलाच्या आईचा आवाज आला. ‘‘ऊठ रे. सासरा छातीचा रोगी आहे. सगळं तुझ्याच गळ्यात पडेल.’’

दारात उभ्या लेकीचा चेहरा पांढराफटक पडला. गेली अब्रू तर गेली, म्हणत पोस्टमास्तर बाहेर आले आणि त्यांनी हात खाली घेतला.

‘‘मला काहीही झालेलं नाही. कोट उलटून घेतलाय. नवा परवडत नाही.’’

इतिहासमास्तरांनी त्या खिशाकडे पाहिलं. मग हळूच त्यांनीही हात खाली घेतला. त्यांचाही खिसा उजवीकडे.

‘‘पुलाजवळचा शिंपी?’’

‘‘तोच.’’

‘‘कुणाच्या लक्षात येणार नाही म्हणाला?’’

‘‘अगदी हेच म्हणाला.’’

मुलाची आईच आधी हसली, मग कुणाला कुणी आवरेना. पोस्ट राहील की नाही, शाळा राहील की नाही, दोघांनीही खरं ते सांगून टाकलं, आणि लग्न ठरलं.

लग्नाचा फोटो घेऊन फोटोग्राफर आला तो ओशाळतच. ‘‘पहिल्यांदा निगेटिव्हची काच उलटी पडली असणार, साहेब. दोघा व्याह्यांचे खिसे भलत्याच बाजूला आले होते. काच फिरवून पुन्हा छापलाय.’’

पोस्टमास्तरांनी मान डोलावली. फोटोत आता दोघांचे खिसे डावीकडे होते. लेकीच्या गालावरचा तीळ मात्र दुसऱ्या गालावर गेला होता आणि नवरानवरीने जागा बदलल्या होत्या. बायको कुरकुरली, परत पाठवा म्हणाली.

‘‘असू दे गं,’’ फोटोसाठी भिंतीत खिळा ठोकत ते म्हणाले. ‘‘लढाईपासून पहिल्यांदाच माझा कोट सरळ दिसतोय.’’