ताओबाईंच्या कपाटातला पासपोर्ट

फर्गलमास्तरांनी भाताचा कुकर वॉचमनला देऊन टाकल्याचं कळलं आणि ताओबाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. परवा स्कूटर विकली, आज कुकर वाटला. राहणारा माणूस असं करतो होय?

चीनमधल्या हंगयांगच्या त्या शाळेतल्या परदेशी शिक्षकांचं सगळं ताओबाईंच्या गळ्यात होतं. घर, व्हिसा, पोलिसांतली नोंद, अगदी सर्दी-पडसंसुद्धा. मागच्या वर्षीचा मास्तर 'आई आजारी आहे' म्हणून पासपोर्ट मागून घेऊन गेला, तो गेलाच. पालकांनी गेटवर गोंधळ घातला आणि हेडमास्तर यानसाहेबांनी सगळ्यांदेखत बाईंना सुनावलं, "पुढचा पळाला तर तुम्ही होस्टेलवर राहायला जायचं. मुलींना रेक्टर हवीच आहे." होस्टेलवर! घरी बाबा कमरेचं हाड मोडून पडलेले. रात्री कूस बदलायलाही त्यांना हात लागायचा. लेकीशिवाय होतं कोण त्यांना?

म्हणून यंदा बाई डोळ्यांत तेल घालून बसल्या होत्या. इथे राहण्याच्या परवान्याचा शिक्का लागून फर्गलचा पासपोर्ट पोलिसांकडून परत आला, तो त्यांनी ऑफिसातल्या कपाटात टाकून कुलूप लावलं. त्याने विचारलं की म्हणायचं, "अजून नाही आला हो."

शुक्रवारी डंपलिंगचा डबा घेऊन त्या त्याच्या दारात उभ्या राहिल्या. आत अर्धी खोली रिकामी, कोपऱ्यात खोकी.

"या, ताओबाई! डबा द्यायला आलात की झडती घ्यायला?" फर्गल हसला. एवढी वर्षं हंगयांगात काढल्यावर चिनी बोली त्याच्या जिभेवर चांगलीच बसली होती.

"झडती कशाला? घर ओसाड दिसतंय, म्हणून विचारते."

"जागा करतोय. आई येतेय आयर्लंडहून. परवा, रविवारी विमानाने ग्वांगझोउला उतरेल. तिला आणायला जायचंय आणि पासपोर्ट दाखवल्याशिवाय परदेशी माणसाला इथे रेल्वेत कोण घेतंय? तेवढा मिळवून द्या ना."

आई! बाईंना मनातल्या मनात हसू आलं. यांच्या आया बऱ्या वेळेवर धावून येतात!

"मग शाळेत कसं बोलला नाहीत?"

"बोललो असतो तर साहेबांनी स्वागताचा लाल फलक लावला असता, मेजवानीत तिला दारू पाजली असती, वर फोटो. तिचे गुडघे गेलेत हो. राहू दे की निवांत."

खरं वाटावं असंच होतं, साहेब होतेच तसे. बाईंचा हात पर्सकडे गेला. किल्ली तिथेच होती. पण होस्टेलची खोली डोळ्यांपुढे आली आणि हात मागे आला.

"सोमवारी येईल," त्या म्हणाल्या.

"सोमवारी? ती एकटी आहे, ताओबाई! तिला इथलं अक्षर कळत नाही."

"माझ्या हातात असतं तर दिला नसता का?"

रविवारी संध्याकाळी वॉचमनचा फोन आला. "बाई, लवकर या. गेटवर एक गोरी म्हातारी बसलीय. कुठल्याशा कॉलेजच्या पोरीने तिला गाडीत बसवून दिलं म्हणे. आपल्या मास्तरांचा फोटो दाखवतेय!"

बाई तशाच उठल्या. धावत गेल्या. म्हातारी वॉचमनच्या खुर्चीत सुजलेले पाय पसरून बसली होती. तेवढ्यात गावातल्या स्टेशनवर दिवसभर प्रत्येक गाडी बघून, तरी गर्दीत तिची चुकामूक होऊन दमलेला फर्गल धापा टाकत आला आणि तिच्यासमोर गुडघ्यांवरच बसला. त्याने बाईंचं नाव सांगताच म्हातारीने त्यांचा हात घट्ट धरला, काहीतरी भरभरून बोलली.

"म्हणतेय, माझ्या पोराला परक्या मुलखात तुम्हीच सांभाळलंत," फर्गलने सांगितलं.

मेल्याहून मेल्यासारखं झालं बाईंना. हात सोडवून त्या ऑफिसात गेल्या, कपाट उघडलं आणि पासपोर्ट आणून त्याच्या हातावर ठेवला. फर्गलने पान उलटून परवान्याची तारीख वाचली. पुन्हा वाचली.

"पुढच्या तीन वर्षांच्या करारावर उद्या सही करणार होतो," तो हळूच म्हणाला. "आता नाही करणार. घाबरू नका, पळणार नाही. परीक्षा उरकून, साहेबांना सांगून जाईन."

"काय सांगाल त्यांना?" बाईंच्या तोंडून निघून गेलं. एवढ्यातही तेच निघालं, याची त्यांना लाज वाटली.

"तुमचं नाव नाही सांगणार."

आईला यातलं काही कळत नव्हतं. तिने बाईंचा हात पुन्हा आपल्या हातात घेतला आणि हसून थोपटत राहिली.