कपाटातली सतरा नंबरची दोरी

मी एक जुनी दोरी आहे, मित्रांनो. उड्या मारायची, लाल मुठींची. मुठीवर सतरा आकडा आहे. कुवेतमध्ये अब्बासियातल्या एका भारतीय शाळेत, नर्सच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात माझं बरंचसं आयुष्य गेलं.

मुलग्यांची वजनं वाढताहेत म्हणून शाळेनं आम्हा चाळीस जणींना मागवलं. पहिल्या दिवशी केवढं कौतुक! फोटो निघाले. मग खेळाच्या नंदकुमार सरांनी कपाटाला कुलूप लावलं. "तपासणीपर्यंत नव्या राहिल्या पाहिजेत," ते म्हणाले. प्लॅस्टिकसुद्धा काढलं नाही.

दोन वर्षं मी अंधारात गुंडाळलेली. फटीतून व्हरांडा दिसे. बाहेर पाय पोळणारं ऊन, म्हणून मधल्या सुट्टीत मुलं भिंतीला टेकून चिप्स खात बसत. खेळाचा तास गणिताला जाई.

नववीतला तल्हा त्यांत सर्वांत जाड. वजनाच्या दिवशी सर काटा मोठ्यानं वाचत, "एक्याण्णव!" आणि वर्ग हसे. एकदा तो शाळेच्या नर्सकडे, लता सिस्टरांकडे आला.

"सिस्टर, उद्यापासून मी शाळेत येणार नाही."

"मग घरी काय करशील?"

"बसेन. एका खोलीत चौघं आहोत, उभं राहायला जागा कुठाय?"

सिस्टर उठून कपाटाशी आल्या. त्यांच्याकडे कपाटाची दुसरी किल्ली होती. त्यांनी माझं प्लॅस्टिक फाडलं आणि मला त्याच्या हातात दिलं. "शाळा सोडायची ती महिनाभरानं सोड. आधी ही घे."

घरी तल्हानं पलंग आणि फ्रिजच्या मध्ये उड्या मारल्या. तिसऱ्याच दिवशी इमारतीच्या राखणदारानं दार ठोठावलं. "ऊपर कूदना बंद! नीचेवाला मालिक को बोलेगा." तल्हाचे वडील हारून घाबरले. "पुरे, बाळा. खोली गेली तर जायचं कुठं?" मी दप्तरात गेले. तो पलंगावर बसला. दोघंही बंद.

"शाळेतल्या माझ्या खोलीखाली कुणी राहत नाही," सगळं ऐकून सिस्टर म्हणाल्या. "घंटेआधी ये."

तो रोज येऊ लागला. पायात अडकायचा, पडायचा.

"हसू नका ना, सिस्टर!"

"हसतेय कुठं? मोजतेय. आठ झाल्या."

तपासणीच्या दिवशी तल्हाच्या वर्गात, बाहेरून आलेल्या मॅडमांसमोर सरांनी दोऱ्या मोजल्या. एकोणचाळीस.

"सतरा नंबर कुठाय?"

तल्हानं मला दप्तरातून काढलं. सर लाल झाले. "चोरलीस?"

"मी दिली," सिस्टर पुढे झाल्या.

मॅडमांनी एक नवी दोरी उचलली. ती घड्या पडून कडक झाली होती. मग त्यांनी मला हातात घेतलं. "मारून दाखव, बेटा."

त्रेसष्ट उड्या, मित्रांनो! मोजायला सगळा वर्ग होता, हसायला कुणी नव्हतं. सर आपल्या बुटांकडे पाहत राहिले.

तल्हाचं वजन फारसं उतरलेलं नाही. पण तो शाळेत आहे. काटा आता भिंतीकडे तोंड करून असतो आणि आकडा सिस्टर फक्त ज्याच्या-त्याच्या कानात सांगतात.

सध्या उन्हाळ्याची सुट्टी आहे. मी पुन्हा कपाटात आहे आणि तल्हा त्याच्या खोलीत. त्याला सुट्टीत गावी जाणं जमलेलं नाही. माझी एक मूठ तडकलीय, मध्यावर सूत निघालंय. शेजारच्या एकोणचाळीस जणी अजून चकचकीत आहेत आणि मला त्यांचीच कीव येते. मित्रांनो, तुमच्याही शाळेत असं एखादं कपाट असेल. त्याची किल्ली मागा. आम्हाला जपू नका, झिजवा.