मखमलचं पर्व

लेक आत्ताच झोपलीय, आणि ती पोटात होती तेव्हाचे शनिवार आज उगाच आठवतायत. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं होतं, म्हणून मी माहेरी, बैठकीतल्या सोफ्यावर. संध्याकाळ झाली की आई भांडी तशीच टाकून यायची, दादा खाली जमिनीवर पाय पसरायचा, आणि टीव्हीवर तोच दादा सोनेरी केसांचा टोप नि खोट्या पापण्या लावून, उंच टाचांवर तोल सांभाळत जिना उतरायचा. तिथं त्याचं नाव मखमल. ड्रॅगची स्पर्धा होती ती. पुरुषांनी बाईचा साज चढवून नाचायचं, हसवायचं, आणि दर आठवड्याला त्यांतल्या एकाने घरी जायचं.

सगळं पर्व कधीच चित्रित होऊन गेलं होतं. दादाला निकाल ठाऊक होता, पण सही करून दिलेली. घरच्यांनाही सांगायचं नाही म्हणजे नाही. आई त्याच्या ताटावर नजर ठेवायची.

"दुसऱ्यांदा वाढून घेतलंय, म्हणजे टिकलाय बघ," ती माझ्या कानाशी लागायची.

"आई, मला भूक लागते गं!" दादा ओरडायचा.

बाबा मात्र बसायचे नाहीत. कोपऱ्यावर त्यांचं सलून. शेवटचं गिऱ्हाईक उरकून यायचे आणि चहाचा कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहायचे. बघायला नाही हं, चहा प्यायला. तो कप कार्यक्रम संपेपर्यंत पुरायचा.

"टोप कपाळावर फार खाली आलाय," मधेच म्हणायचे.

"पुढच्या वेळी वर घेईन," दादा मान न वळवता सांगायचा. पुढची वेळ केव्हाच होऊन गेलेली असायची.

एकदा जेवताना दादा म्हणाला, "बाबा, या शनिवारी बसा ना आमच्यात."

असं त्याने कधी मागितलं नव्हतं.

"अंतिम फेरीला बसेन," बाबा म्हणाले. "बसेन म्हणजे बसेन, नवा शर्ट घालून. तू जातोयस तिथवर. मला दिसतंय ना."

दादाने पाण्याचा पेला उचलला आणि नुसताच धरून ठेवला. मी बघतेय म्हटल्यावर त्याने नजर चुकवली, तेव्हा मला उमगलं. या शनिवारनंतर मखमल दिसणार नव्हती. बाबा ज्या दिवसासाठी थांबले होते तो येणारच नव्हता, आणि दादाला ते बोलायची सोय नव्हती. मग मी तरी कशी बोलणार?

शनिवारी बाबा कप घेऊन दारात आले.

"बाबा, पाठ भरून आलीय. जरा टेकू द्या ना."

"उशी घे की."

"उशी सरकते."

"मग आईला टेक."

"माझी हाडं टोचतात तिला," आई म्हणाली. तिलाही कळलं होतं की काय, देव जाणे.

बाबा कुरकुरत बसले. मी सगळा भार त्यांच्यावर टाकला. आता बिशाद होती उठायची! दादा त्यांच्या गुडघ्यांपाशी, मान ताठ.

मखमल त्या दिवशी काय नाचली! आणि हरली. जाणाऱ्याने स्वतःच्या हाताने टोप उतरवायचा, असा तिथला रिवाज. तिने उतरवला, आणि जाळीखाली चपटे झालेले केस घेऊन आमचा दादा निघून गेला.

कोणी टीव्ही बंद करेना.

"तुला ठाऊक होतं," बाबा म्हणाले.

"हो."

"म्हणून मागे लागला होतास." मग माझ्याकडे वळून, "आणि तुझी पाठ?"

"खरंच दुखत होती."

"दुखत होती म्हणे! त्या परीक्षकांना डोळे आहेत का? तो दुसरा नुसते हात हलवत होता."

"चांगला आहे हो तो," दादा हसत, नाक पुसत म्हणाला.

"असेल. मला नाही आवडला."

बाबांनी दादाच्या डोक्यावर हात ठेवला. गिऱ्हाइकाचं वाकवतात तसं अलगद पुढे वाकवलं, मानेवरून अंगठा फिरवला.

"मागे रान माजलंय नुसतं. उद्या ये दुकानात."

"उद्या रविवार, बाबा. दुकान भरलेलं असेल."

"मग? त्या सगळ्यांना विचारायचंय मला, काल माझ्या मखमलला बघितलंत का म्हणून."