घाटमाथ्यावरची घागर

कोल्हापुरातून निघून घाट उतरून कोकणात जायची, तीन टप्प्यांची ती सायकलींची शर्यत अडुसष्ट साली बंद पडली ती पडलीच. का पडली, हे घाटमाथ्यावरच्या तानूबाईला विचारू नका. ती उठून जाईल.

घाटाच्या उतारावरचं तिसरं वळण माणूस मागतंय, असं सगळा गाव म्हणायचा. गेल्या साली तिथं एक गडी दरीत गेला, त्याच्या आदल्या साली एकाचा पाय मोडला. आणि यंदा शर्यतीत कोण, तर तानूबाईचा धाकटा भाऊ, मंगळवार पेठेतला गणपती! बाईनं वळणावर नारळ फोडला, लिंबू उतरवून टाकलं, तरी भीती हलेना.

"कशाला उगं जिवाला घोर लावतीस?" नवरा केरबा म्हणाला.

"तुमचा भाऊ असता म्हंजी कळलं असतं!"

चढ चढून आलेल्या गड्यांवर गावच्या बाया दरसाली घागरी ओतायच्या. कौतुक ते, दुसरं काय? तानूबाईनं यंदा घागरीत देवीचा मूठभर अंगारा कालवला. वारा पडला होता. कुत्रीसुद्धा भुंकत नव्हती.

गणपती सगळ्यांच्या पुढं आला. बहिणीला बघून हसला आणि हात हलवत ओरडला, "नगं आक्का! पाणी नगं!"

अहो, आमच्याकडं नगं म्हणणाऱ्याचं ऐकतंय कोण? त्याच्याच ताटात दोन भाकरी जास्त पडतात. "नगं कसलं, घे की!" म्हणत तिनं अख्खी घागर त्याच्यावर रिती केली, डोक्यापासून चाकापर्यंत. तो उताराला लागला. आता काय होत न्हाय, असं म्हणून तिनं हात जोडले.

खालून आरडाओरडा आला तेव्हा ती तशीच हात जोडून उभी होती.

तिसऱ्या वळणावर गणपती जागीच गेला. केरबानं त्याची सायकल खांद्यावर टाकून वर आणली. पुढचं चाक चेंबलेलं, मागचं धड. त्यानं ते फिरवलं आणि ब्रेक दाबला.

चाक थांबलं नाही. रबरावर आणि लोखंडी कडेवर ओल्या राखेचा बुळबुळीत लेप बसला होता. केरबानं पुन्हा जोर लावून दाबला. चाक फिरतच राहिलं.

"नुसत्या पाण्यानं बी ब्रेक धरत न्हाय," केरबा म्हणाला, "हितं तर वर राख." तानूबाईनं हातानं ते चाक धरलं.

"गेल्या सालच्या पोरावर बी," ती म्हणाली, "मीच वतलंतं."