पहिल्या परीक्षेला दुसऱ्यांदा

मी दर बुधवारी चार वाजता शिकवणीला जाते, कारण मला लहानपणापासून संगीताची आवड होती.

खोटं. मागे घेते.

मी दर बुधवारी चार वाजता शिकवणीला जाते, कारण दहा वर्षांपूर्वी टायरच्या दुकानासमोर बसची वाट बघत उभी होते आणि वरच्या मजल्यावर कुणीतरी एकच ओळ वाजवत होतं. दर वेळी एकाच जागी अडखळत होतं. मी तीन बस सोडल्या. कुठे अडखळतंय ते कळलं होतं, का ते कळत नव्हतं. शेवटी जिना चढले. दार उघडं होतं. साठी उलटलेल्या एक बाई पायपेटीपुढे बसल्या होत्या. पायांनी भाता हलवायचा आणि हातांनी पट्ट्या दाबायच्या, अशी कपाटाएवढी पेटी.

"तुम्ही तिथे का अडखळता?" मी विचारलं. ओळख ना पाळख.

"तेच शोधतेय," त्या म्हणाल्या. "बस."

तेव्हापासून बसलेय.

बाईंची एक पद्धत आहे. चुकलं की चुकीपासून पुन्हा सुरू करायचं नाही. दोन मात्रा मागे जायचं. "चूक ऐकू येते तिथे झालेली नसते," त्या म्हणतात. "ती आधीच होऊन गेलेली असते. मागे जा, पकड तिला." मी ही गोष्टही तशीच सांगणार आहे. चुकले की मागे जाईन. ज्याला घाई असेल त्याने दुसरं काही वाचावं.

*

मी शर्टांच्या कारखान्यात कॉलर बसवते. एकवीस वर्षं. मशीनवर टाका चुकला की पाय आपोआप उचलला जातो, नाहीतर पुढे वीतभर चूक शिवली जाते. पेटीवरही माझा पाय तसाच उचलायचा. सूर चुकला, पाय वर. भाता बंद, पेटी मुकी.

"अगं, चूक ऐकू तरी दे!" बाई ओरडायच्या. "तू तिचा गळाच दाबतेस!"

दोन वर्षं ओरडत होत्या. तिसऱ्या वर्षी पाय सुटला. त्याच आठवड्यात मी कारखान्यात एक अख्खी कॉलर उलटी बसवली, टोकापासून टोकापर्यंत, पाय न उचलता. शेजारच्या मशीनवर काजं करणारी मावशी ती कॉलर उचलून सगळ्यांना दाखवत फिरली. "बघा गं, हिची शिकवणी पायात उतरली!"

आणखी एक बुधवार सांगते. पेटीत आवाज कुठून येतो, असं मी विचारलं. बाई म्हणाल्या, पितळेच्या पात्या असतात. मी विचारलं, सगळ्या सारख्या असतात की लहानमोठ्या? बाई म्हणाल्या, "कधी बघितलंच नाही गं." मग आम्ही दोघींनी पेटीची मागची फळी काढली आणि जमिनीवर पालथं पडून, टॉर्च तोंडात धरून, पात्या मोजल्या. एक सूर वाजला नाही त्या दिवशी. घरी आले तेव्हा कपाळावर धूळ होती आणि मला झोपेपर्यंत बोलणं आवरत नव्हतं. पुढच्या आठवड्यात मी माझ्या शिलाई मशीनची खालची झाकणी उघडली. एकवीस वर्षं जिच्यावर पोट भरतेय, ती आतून कशी आहे ते मी पहिल्यांदा पाहिलं.

*

घरातलं संभाषण, दहा वर्षांत फारसं न बदललेलं:

"किती गाणी येतात आता?"

"चार."

"दहा वर्षांत चार?"

"साडेचार."

"अर्धं कुठलं?"

"जे वाजवते ते."

(विचारणारा: नवरा. डेपोत बसगाड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. इंजिन सुरू झालं की काम संपलं, असा त्याचा हिशेब. वाईट माणूस नाही.)

*

कारखान्याच्या मालकीणबाई माझ्याहून चौदा वर्षांनी लहान. त्यांना आम्ही ताई म्हणतो. त्यांच्या वडिलांनी मला बुधवारची दुपार दिली होती. वडील गेले, कारखाना ताईंकडे आला आणि त्यांच्या लक्षात आलं की माल गुरुवारी सकाळी जातो.

"बुधवारी दुपारी कॉलर कोण बसवणार?"

"मंगळवारी जास्त बसवून ठेवते ना ताई. कधी एक तरी कमी पडली?"

"प्रश्न तो नाही."

"मग कुठला आहे?"

ताईंनी कोपऱ्यातल्या टेबलाकडे पाहिलं. तिथे आमचे कारकून बसतात. सगळे त्यांना नियमकाका म्हणतात. त्यांनी चष्मा चढवला आणि जुन्या वहीतून खणखणीत आवाजात वाचलं, "कलम चौदा. जो कामगार एखादी विद्या शिकत असून तिच्या परीक्षेला बसत आहे, त्याला आठवड्यातून एक दुपार मोकळी द्यावी."

"परीक्षेला बसत आहे," ताई म्हणाल्या. "किती परीक्षा दिल्यात तुम्ही?"

मी बाहीला चिकटलेला दोरा काढायला लागले.

"एकही नाही. दहा वर्षं! येत्या परीक्षेला बसा, निकाल आणून दाखवा. नाहीतर पुढच्या महिन्यापासून बुधवार बंद."

मला राग आला नाही. ताईंचं म्हणणं रास्तच होतं.

चूक. दोन वाक्यं मागे.

मला इतका राग आला की त्या दुपारी माझ्या मशीनच्या दोन सुया मोडल्या. माझी अख्खी मिळकत त्या बुधवारात होती. बाकीचे सहा दिवस मी लोकांच्या गळ्याभोवती बसेल असं काहीतरी शिवत होते.

*

बाई: "परीक्षा? कितवी?"

मी: "पहिली."

बाई: "तिला सात-सात वर्षांची पोरं बसतात."

मी: "माहितीय."

बाई: "मी कुणाला परीक्षेला बसवत नाही."

मी: "मग बुधवार जातो."

बाईंनी खिडकीतून खाली टायरकडे बघितलं. मग म्हणाल्या, "तीन गाणी असतात त्यांची. ती तू घरी बसव. इथे वाजवायची नाहीत."

"बाई, माझ्याकडे घरी पेटी नाही!"

"टेबल आहे ना? बुधवार परीक्षेलाच देऊन टाकलास तर तो गेलाच की. मग वाचवतेयस काय?"

हट्टी म्हातारी, असं मी मनात म्हटलं. आणि जिना उतरताना मोठ्यानेही.

*

म्हणून मी ती तीन गाणी जेवणाच्या टेबलावर बसवली. बोटं लाकडावर, पाय टेबलाखाली सरकवलेल्या घरच्या जुन्या शिलाई मशीनच्या पायडलवर. आवाज: टकटक आणि करकर. रोज पहाटे, कामावर जायच्या आधी. लेक कॉलेजची बॅग आवरता आवरता म्हणायची, "आई, आज टेबल फार सुरात आहे हं." नवरा म्हणायचा, त्या करकरीला तेल दे.

बोटांना तिन्ही गाणी पाठ झाली. कानांनी त्यातलं एकही ऐकलं नव्हतं. हे मला परीक्षेच्या दिवशी खुर्चीवर बसल्यावर उमगलं.

*

परीक्षा घेणाऱ्या संगीत मंडळाची इमारत. लांबलचक बोळ. बाकावर ओळीने मुलं आणि त्यांच्या आया. एका आईने मला विचारलं, "तुमचा कितवा नंबर? म्हणजे, तुमच्या नातवाचा?"

"माझाच. एकोणीस."

तिने मुलाला जरा जवळ ओढलं.

आत परीक्षक. गळ्यात मफलर, समोर घड्याळ. पायपेटी बाईंच्या पेटीपेक्षा नवी, भाता हलका.

पहिलं गाणं. झालं. दुसरं गाणं. झालं. परीक्षक खाली मान घालून लिहीत होते. मला वाटलं, बस, सुटले.

तिसरं गाणं. पाचवी ओळ. काहीतरी खुपलं.

बोट बरोबर पट्टीवर होतं. कागदावर तीच पट्टी होती. तरी दाताखाली खडा यावा तसा तो सूर लागला. टेबलावर हे कधी कळलंच नव्हतं, टेबलाला सूर कुठे असतात? मी दोन मात्रा मागे गेले. पुन्हा खडा.

"पुढे चला," परीक्षक म्हणाले.

"एक मिनिट हं."

"मध्ये थांबायचं नसतं. चूक झाली तर सोडून द्या. गुण थोडेच जातात."

"सोडून दिली तर कळणार कशी?"

त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. "बाई, ही परीक्षा आहे."

"हो ना. म्हणूनच बघतेय."

तिसऱ्यांदा. पाचव्यांदा. बाहेर कुणाचं तरी मूल रडायला लागलं. घड्याळ पुढे जात होतं आणि मला दिसत होतं की ते जातंय. पुढच्या तीन ओळी मला बिनचूक येत होत्या. वाजवल्या असत्या तर पास होते. एवढंच करायचं होतं: त्या जागेवरून डोळे झाकून पुढे जायचं. सगळं जग तेच करतं. मी नाही केलं. मी चार मात्रा मागे गेले, आणि नवव्या वेळी सापडलं! उजव्या हाताचा काही दोष नव्हता. डावा हात आधीचा सूर सोडत नव्हता. एक करंगळी, जिला टेबलावर कुणी पकडलं नव्हतं, ती जुना सूर धरून बसली होती आणि नवा सूर तिच्यावर आपटत होता.

करंगळी उचलली. ओळ अशी मोकळी झाली की मी हसले. मोठ्याने. परीक्षेच्या खोलीत.

"वेळ संपली," परीक्षक म्हणाले.

*

क्रमांक: १९
वय: ४९ (दोनदा गिरवलेलं, कुणालातरी खात्री नव्हती)
पहिलं गाणं: ठीक
दुसरं गाणं: ठीक
तिसरं गाणं: अपूर्ण
शेरा: उमेदवार सूचना पाळत नाही.
निकाल: नापास

*

"पहिलीत नापास!" नवऱ्याने कागद उजेडात धरून दोनदा वाचला. "पहिलीत तर डेपोतलं कुत्रंसुद्धा पास होईल."

"त्याला पाठव मग."

लेक म्हणाली, "आई, ह्याच्यावर पालकांची सही लागते का?"

तिघंही हसलो. मला त्याचं काही वाटलं नाही.

मागे.

तिघंही हसलो. मग मी न्हाणीघरात गेले, नळ सोडला आणि रडले. नापास झाल्याबद्दल रडले नाही. ती नऊ वेळची वाजवणी मला माझ्या आयुष्यातल्या कुठल्याही पास होण्यापेक्षा प्यारी होती. रडले कारण आता बुधवार जाणार होता, आणि मी तो स्वतःच्या करंगळीने घालवला होता.

नळ बंद केला. मग एकदम वाटलं, थांब. चूक आज ऐकू आली, पण झाली कुठे? मागे जा. निकालाच्या मागे परीक्षा. परीक्षेच्या मागे ताईंचं टेबल. त्याच्याही मागे नियमकाकांची वही. ती मी फक्त ऐकली होती. वाचली नव्हती.

*

मंगळवारी, काम सुरू व्हायच्या आधी.

"काका, कलम चौदा दाखवा."

"वाचून दाखवलं होतं की."

"मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय."

वही कुणी बघायला मागतंय म्हटल्यावर काकांना कोण आनंद झाला. त्यांनी पान उघडून माझ्याकडे वळवलं. ताईंच्या वडिलांचं तिरकं, बारीक अक्षर. आणि ज्या वाक्यावर काका थांबले होते, त्याच्या पुढे आणखी अर्धी ओळ.

मी वही उचलली आणि थेट ताईंच्या टेबलावर नेली. तिच्यावर निकालाचा कागद ठेवला.

ताईंनी कागद बघितला. त्यांना हसू आलं, ते त्यांनी दाबलं. "असू दे. प्रयत्न केलात. उद्यापासून मग बुधवारी—"

"नापास आहे मी," मी म्हटलं.

"ते दिसतंय."

"मोठ्याने वाचते हं. 'त्याला आठवड्यातून एक दुपार मोकळी द्यावी, आणि ती परीक्षा उत्तीर्ण होईपर्यंत काढून घेऊ नये.'"

मशीनवर बसायला आलेल्या सगळ्या बायका टेबलाभोवती जमल्या.

"काका?" ताई म्हणाल्या.

"तसंच आहे लिहिलेलं," काका म्हणाले. "मी त्या दिवशी श्वास घ्यायला थांबलो होतो."

"म्हणजे ह्या पास झाल्या असत्या तर..."

"तर आजपासून बुधवार बंद," काका म्हणाले.

ताईंनी वही ओढून स्वतः वाचली. वडिलांच्या अक्षरावर त्यांचं बोट जरा जास्त वेळ थांबलं. मग वही मिटून त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही दर वर्षी अशाच नापास होणार का?"

"सांगता येत नाही ताई. प्रामाणिकपणे वाजवणार."

"ह्याची काही लाजबिज?"

"एकवीस वर्षांत माझी एक कॉलर परत आली. तिची लाज वाटली होती. ह्याची नाही वाटत. मला ते गाणं का खुपत होतं ते कळलं. तुम्ही कागद बघा नाहीतर फाडा. कलमात बसतंय. उद्या चार वाजता मी मशीनवर नसेन."

काकांनी खणातून कोरा अर्ज काढला आणि पेनचं टोपण उघडलं. "परीक्षा?"

"पहिली."

"कितव्यांदा?"

"दुसऱ्यांदा."

मी सही करत होते तेवढ्यात मागून मावशीचा आवाज आला. "काका, आणखी एक काढा."

"तुम्हाला कशाला?" ताई उठून उभ्याच राहिल्या.

"मला पोहायला शिकायचंय," मावशी म्हणाली. "त्याची असते का हो परीक्षा?"

"असते," काका म्हणाले.

"मावशी, तुमचं वय काय! बुडालात म्हणजे?"

"म्हणजे नापास," मावशी म्हणाली आणि पेनसाठी हात पुढे केला.